शंभराला एक

वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, मशीन तयार आहे, फक्त कॉम्प्युटरचं तेवढं राहिलंय. तपासनीस म्हणाला, तासाभराचं काम. रविवारी सकाळी दहाला तो कॅलिपर आणि डायल गेज ही मापाची हत्यारं बॅगेत टाकून त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचला, तेव्हा आपण जेवायला घरी परत येऊ असंच त्याने बायकोला सांगितलेलं होतं.

पंपाच्या कारखान्यात तो माल तपासायचा. एकोणीस वर्षं तेच काम. तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की 'सूतभर', कारण सूतभर फरक निघाला तरी तो अख्खा गठ्ठा परत पाठवायचा. हे नाव त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाने आपल्या कामाबद्दल एवढं तरी मिरवावं, असं त्याचं मत होतं.

कॉम्प्युटरवर काढलेला आकार लाकडात किंवा प्लॅस्टिकमध्ये कापून देणारं ते मशीन मागच्या खोलीत होतं, खिडकीखालच्या टेबलावर. दादाने, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाने, एकेक भाग जमवून दोन वर्षांत ते उभं केलं होतं. कुठेही फट नाही असं नीट काम. चारशे बाय तीनशे मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा बेड, वर मागेपुढे सरकणारा आडवा दांडा, त्याला मुठीएवढी मोटर आणि मोटरच्या टोकाला पेन्सिलीपेक्षा बारीक कटर. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर दादाचं सरळ उभं अक्षर. सगळं झालं होतं, सॉफ्टवेअर लावायचं राहिलं होतं. त्या दुपारी दादा, "जरा टेकतो," म्हणून समोरच्या खुर्चीत बसला आणि उठला नाही. त्याला आता चौदा महिने झाले होते.

वहिनी शिवणकाम करायच्या. डोळ्यांना सुई दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी या मशीनकडे पाहिलं. जवळच्या दवाखान्यात सगळी दारं नव्याने रंगवली होती, दारांवर पाट्यांच्या चौकटी ठोकून झाल्या होत्या, पाट्या मात्र नव्हत्या. वहिनी सरळ भांडारप्रमुखाकडे गेल्या आणि शेहेचाळीस पाट्यांचं काम घेऊन आल्या. मशीन तोवर एकदाही चाललेलं नव्हतं. हे ऐकून तपासनिसाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, शिवणाबाहेरचं काम कुणी मला दिलंय असं हे पहिलंच. तेवढं पार पाडून द्या."

त्याने दादाचा लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, आणि ते एकेक प्रश्न विचारू लागलं. बेडची लांबी किती, रुंदी किती, कटर किती जाडीचा, मशीनला कुठल्या भाषेतली फाइल कळते. कारखान्यातला माणूस तो, त्याला हे असं खोदून विचारणं बरं वाटलं. मग युनिट आलं. यादीत पहिलं मिलिमीटर, दुसरं इंच, आणि त्याखाली एक रिकामी ओळ. काही नाव नाही, पण बोट ठेवलं की ती निवडली जात होती. भाषांतर करायचं राहिलं असेल, असं म्हणून त्याने मिलिमीटर निवडलं आणि पुढे गेला.

शून्य लावायचं काम त्याने हौसेने केलं. प्लायवूडचा तुकडा बेडवर आवळला, त्यावर वर्तमानपत्राची एक पट्टी ठेवली आणि कटर केसाकेसाने खाली आणत राहिला. कागद ओढला की सरकतोय, सरकतोय, आणि मग एकदम धरला गेला. तिथे शून्य. आता मशीन मोजेल ते सगळं या जागेपासून. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ते पण कटर हाताने खाली आणत असंच शिकले होते, कागदाने. आठवडाभर घरातला एकही पेपर धड राहिला नव्हता.

पहिलं काम म्हणून त्याने शंभर बाय शंभरचा साधा चौकोन काढला. मशीन खरखरत फिरलं, भुसा उडाला, सात मिनिटांत चौकोन सुटा झाला. त्याने तो उचलला. तुकडा चांगलाच गरम होता. त्याने कॅलिपर लावला.

एकशे एक.

नव्या मशीनचं असं व्हायचंच. एक मिलिमीटर सरकायला मोटरने किती पावलं टाकायची, हा आकडा चुकला की माप चुकतं. त्याने बेडवर डायल गेज बसवलं आणि मशीनला रिकामंच शंभर चालवलं. काटा बरोबर शंभरावर थांबला. पुन्हा चालवलं, उलट चालवलं, शंभर. मग पुन्हा चौकोन कापला. एकशे एक.

कटर जाड असेल म्हणावं, तर कटरमुळे येणारा फरक लहान कामात आणि मोठ्या कामात सारखाच येतो. त्याने पन्नासाचा चौकोन कापला, तो साडेपन्नास भरला. दोनशेची पट्टी कापली, ती दोनशे दोन. म्हणजे काम वाढेल तशी वाढ वाढत होती. हवेत हिंडताना मशीन खरं बोलत होतं आणि लाकडात शिरलं की शंभराला एक चढवत होतं.

प्रत्येक तुकड्यावर त्याने पेन्सिलीने माप लिहिलं, कारण ती सवय होती. लिहिताना त्याचा हात जरा थांबला. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता, आणि कॉम्प्युटरशी त्या ओळखीचा काहीही संबंध नव्हता.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"एखादा स्क्रू ढिला असेल," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी बघतो."

जेवायला तो घरी गेला तेव्हा चार वाजले होते. बायकोने विचारलं, झालं का तासाभराचं काम. तो हात धुवायला गेला.

एकेकाळी दोघा भावांचं पॅटर्नचं दुकान होतं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. ओतशाळेत त्याचा वाळूत ठसा घेतात आणि ठशात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ओततात. बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढं मोठं ठेवायचं. दर वेळी गणित करत बसायला नको म्हणून या धंद्यात एक वेगळी पट्टी मिळते. दिसायला साध्या पोलादी पट्टीसारखी, पण तिच्यावरचे शंभर खरे एकशे एक असतात. दुकानात ती 'मोठी पट्टी' होती. साधी पट्टी पॅटर्नच्या टेबलाजवळ आणायची नाही, हा दादाचा एकच नियम. बाकी दादा फारसे नियम करणारा माणूस नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मोठ्या पंपाच्या झाकणाचं काम आलं. दादा दात दाखवायला गेला होता. आखणी अर्धी राहिली होती, आणि मोठी पट्टी सरस लावलेल्या फळ्यांखाली आवळून बसलेली होती. अर्धा तास थांबला असता तर निघाली असती. धाकट्याला थांबवलं नाही. त्याच्या पँटच्या बाजूच्या खिशात साधी पट्टी असायची. त्याने ती काढली, उरलेलं सगळं आखून टाकलं, आणि दादा आल्यावर बोलायचं विसरला. विसरला असंच तो पुढे स्वतःला सांगत आला.

चाळीस झाकणं ओतून झाली आणि चाळीसही लहान निघाली. कारखान्यात मोजायला तोच पहिला पोचला होता. मोजता मोजता त्याला सगळं कळलं, आणि मॅनेजरने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, पॅटर्नच लहान आहे, आखणी दादाची. मग दादा आला. त्याने पॅटर्नवर मोठी पट्टी ठेवली, मग साधी ठेवली. साधी रेघेला रेघ जुळली. दादाने एकदा धाकट्याच्या खिशाकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि मॅनेजरला म्हणाला, "माझ्याकडून झालं."

मॅनेजरला धाकट्याची तेज नजर आवडली. दोन महिन्यांत तो तिथेच तपासनीस म्हणून लागला. दुकान वर्षभरात बंद पडलं. ज्या माणसाच्या हातावर आसपासच्या ओतशाळा डोळे मिटून विसंबायच्या, तो पुढे हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत बसला. आणि एवढं होऊन दादा एका शब्दाने बोलला नाही. येणं-जाणं तसंच, चौकशा तशाच, "काय रे, कसं चाललंय?" तेही तसंच. त्याने शिव्या घातल्या असत्या, चारचौघांत अब्रू काढली असती, तर हिशेब मिटला असता. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा तपासनिसाला राग होता. चौदा महिन्यांपूर्वी दादा गेल्याचं कळलं तेव्हा त्याला रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ एकदम हलकं वाटलं. आता हे कुणालाच ठाऊक नाही, वहिनींना तर कधीच कळणार नाही. एवढीच एक गोष्ट त्याला जपायची होती.

पुढच्या रविवारी तो स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेला. दादाच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी पाणी मुरत असणार, असं त्याने आठवडाभरात ठरवून टाकलं होतं. सॉफ्टवेअरही दुसरंच घेतलं, दुसऱ्या कंपनीचं, कोरं करकरीत. पुन्हा सगळे प्रश्न, पुन्हा सगळी उत्तरं. युनिटची यादी उघडली. मिलिमीटर, इंच, आणि खाली रिकामी ओळ. या वेळी ती आधीच निवडलेली होती.

त्याने मिलिमीटर निवडलं, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. रिकामी ओळ निवडलेली. असं त्याने पाच-सहा वेळा केलं. मग त्या यादीकडे बघणंच सोडून दिलं आणि कापायला लावलं.

कापताना खोलीत वास येऊ लागला. प्लायवूडचा वास त्याला माहीत होता, कडवट, सरसाचा. हा तो नव्हता. हा ओल्या वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास होता, आणि खिडकी उघडी असूनही तो खोलीतून जाईना. तुकडा निघाला तो एकशे एक. हातात धरवत नव्हता इतका गरम.

वहिनींनी मागच्या रविवारचे तुकडे आणून समोर ठेवले. म्हणाल्या, बुधवारपर्यंत हे गरमच होते, मी रोज हात लावून बघत होते. आणि आता मोजा.

त्याने मोजलं. तुकड्यावर त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, एकशे एक. कॅलिपर शंभर दाखवत होता. पन्नासाचा पन्नास झाला होता, दोनशेची पट्टी बरोबर दोनशे. त्याने कॅलिपर पुसला, मिटवून शून्य बघितलं, पुन्हा मोजलं.

"कापड आटतं तसंच असेल," वहिनी म्हणाल्या. "आम्ही नाही का, नवीन कापड आधी मोठं धरतो? आठवड्यात आपोआप मापात येतंय, तर येऊ द्या की. पाट्या अशाच कापू, आठ दिवस ठेवू आणि मग बसवू."

"प्लायवूड आहे, वहिनी. दमट हवेत फुगतं, सुकलं की बसतं. पाट्यांची शीट प्लॅस्टिकची, ती पाणी पीत नाही. ती जशी कापली तशीच राहणार."

"पण मशीन वाढ धरतंय ना?"

वाढ. हा शब्द त्या शिवणकामातून बोलल्या होत्या, पण तो दुकानातलाही होता. तपासनिसाने मान वर केली. वहिनी त्याच्याकडे शांतपणे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि तेच त्याला आवडलं नाही.

"वाढबीड काही नाही," तो म्हणाला. "सेटिंगचा दोष आहे. मी काढतो."

खरं तर दोष सापडलेलाच नव्हता, तर काढणार काय? पण सॉफ्टवेअरमध्ये अख्खं चित्र लहान-मोठं करायची सोय असते. त्याने तिथे नव्व्याण्णव टक्के टाकले. शीटचा तुकडा लावला, शंभराचा चौकोन कापला, आणि कॅलिपरवर शंभर आले. पुढे दशांशाचे दोन आकडे टाकून त्याने ते शंभर पूर्णांक शून्य शून्यवर आणून ठेवले. त्याचा जीव भांड्यात पडला. मशीनला जे चढवायचं असेल ते चढवू दे, आपण आधीच उतरवून देऊ. एक तुकडा आठ दिवस ठेवून बघावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. कारखान्यात दुसऱ्या कुणी असं न बघता काम सोडलं असतं, तर त्याने त्याची सालटी काढली असती. पण ठेवून बघायचं म्हणजे वाढ खरी असू शकते हे मान्य करायचं. तिथून पुढे तो शब्द, ती पट्टी, तो खिसा. त्याने तो तुकडा कचऱ्यात टाकला.

पाट्या कापायला त्याने चार दिवस रजा घेतली. इतकी वर्षं त्याने सलग चार दिवस रजा घेतलेली नव्हती. क्ष-किरण, मलमपट्टी, औषध भांडार, डोळे तपासणी, सामान ठेवू नये. वहिनी शीट पुसून द्यायच्या, तो शून्य लावायचा, कटर फिरायचा. प्रत्येक पाटी तीनशे बाय शंभर, प्रत्येकीला चार ठिकाणी कॅलिपर, आणि चारही ठिकाणी बरोब्बर माप. अक्षरंही सुरेख उमटत होती. वहिनींचा चेहरा असा उजळलेला त्याने दादा गेल्यापासून पाहिला नव्हता. एकदा त्या हसून म्हणाल्या, हे बघायला ते हवे होते. त्याने पुढची शीट आवळली.

वाळूचा वास आता त्याच्या शर्टाला, केसांना येत होता. पाट्या इस्त्रीच्या कपड्यांसारख्या गरम निघत. त्या तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा, आणि ठेवून झालं की हात चोळायचा, कारण इतक्या गरम वस्तू हाताळूनही बोटांना मुंग्या येऊन ती बधिर व्हायची. वहिनींचे हात बरे होते. त्याने विचारून पाहिलं होतं.

सोमवारी दवाखान्याच्या सुताराने पाट्या चौकटींत सरकवल्या. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस घट्ट बसल्या. वहिनींनी कारखान्यात फोन करून सांगितलं, भांडारप्रमुखांनी स्वतः येऊन बघितलं, आता वरच्या मजल्याचंही काम आपल्यालाच देणार म्हणाले. तपासनीस त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलला, आणि त्यामुळे खात्यात जरा घबराट पसरली.

बरोबर आठ दिवसांनी वहिनींचा पुन्हा फोन आला. दवाखान्यात बोलावलंय. तुम्हीही या, मापाचं तुम्हाला कळतं.

मधल्या सुट्टीत तो गेला. दवाखान्याचा बोळ लांब होता, दोन्ही बाजूंना दारं. कुणीतरी एक दार लोटलं आणि खडखड असा आवाज झाला. पलीकडचं दार उघडलं, पुन्हा खडखड. पाट्या चौकटींत हलत होत्या, दात हलतो तशा. दोन दारांवर नुसत्याच चौकटी होत्या. त्यांच्या पाट्या भांडारप्रमुखाच्या हातात होत्या. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

भांडारप्रमुख आवाज चढवणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, सकाळी एक पाटी नर्सच्या पायावर पडली. गेल्या सोमवारी मी स्वतः ओढून बघितल्या होत्या, निघत नव्हत्या. तुम्हीच सांगा काय झालं.

तपासनिसाने कॅलिपर काढला.

दोनशे सत्त्याण्णव. उंचीला नव्व्याण्णव.

त्याने दुसरी मोजली. तेच. दारावरची ओढली, तीही हातात आली. तेच. पाट्या आता अगदी गार होत्या.

"सगळ्या लहान आहेत," भांडारप्रमुख म्हणाला. "शेहेचाळीसही. कुणाकडून झालं हे?"

बोळात कुणीतरी दार लावलं. खडखड झाली आणि थांबली.

वहिनींनी तपासनिसाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आरोप नव्हता. उंबऱ्यात उभं राहून कुणाची वाट बघावी तशा त्या बघत होत्या.

त्याने तोंड उघडलं. नव्व्याण्णव मी टाकले. एवढंच वाक्य होतं, तीन शब्दांचं, आणि ते जिभेवर आलंही होतं.

"मी मोजल्या तेव्हा बरोबर होत्या," तो म्हणाला. "मशीन यांचं आहे."

भांडारप्रमुख वहिनींकडे वळला.

"हो," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडून झालं."

वरच्या मजल्याचं काम गेलंच. शेहेचाळीस पाट्या सुताराने उतरवून एका खोक्यात भरून दिल्या. तपासनिसाने खोकं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं, कारण तेवढं तर करायलाच हवं होतं. मागच्या खोलीत वहिनींनी मशीनची वायर काढली आणि त्यावर जुनी चादर टाकली. चारही कोपरे नीट ओढले. मग खुर्चीवर बसल्या, दादाच्याच.

"त्यांनी मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "झाकणांचं. त्याच दिवशी, घरी आल्या आल्या."

तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. गुंडाळत राहिला.

"मी म्हटलं, जाऊन विचारते त्याला. तर म्हणाले, विचारायचं नाही. तो स्वतःहून सांगेल. वेळ लागेल, पण सांगेल. शेवटपर्यंत म्हणत होते. हे मशीन चालू झालं की त्यालाच बोलावू, म्हणाले, दोघं मिळून लावू, मग बोलेल तो." त्यांनी चादरीवरची एक सुरकुती हाताने सपाट केली. "आज बोलाल असं वाटलं होतं मला. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

खोली स्वच्छ होती, दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. अजूनही वेळ होता. ऐकायला एकच माणूस होतं आणि त्या माणसाला सगळं आधीच ठाऊक होतं. याहून सोपं ते कधी होणार होतं?

"शीटच खराब लागली असेल, वहिनी," तो म्हणाला. "हल्ली माल चांगला येत नाही."

वहिनी खुर्चीतून उठल्या.

"असेल," त्या म्हणाल्या. "तुमचा लॅपटॉप तेवढा घेऊन जा."

बंद करण्याआधी त्याने सवयीने सेटिंग उघडून पाहिलं. युनिटच्या यादीत दोनच ओळी होत्या. मिलिमीटर आणि इंच.

त्यानंतर तो वहिनींकडे गेला नाही आणि वहिनींचा फोन आला नाही. कारखान्यात त्याने त्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त माल परत पाठवला. लोक म्हणाले, सूतभर आता अर्ध्या सुतावर आला. बायकोचं म्हणणं होतं की तू वाळलास, शर्टाच्या बाह्या बघ कुठे आल्यात. तो म्हणाला, धुऊन सैल झाल्या असतील. कापड धुतलं की आटतं, सैल होत नाही, हे त्याला सांगावंसं तिला वाटलं, पण सकाळची घाई होती.

महिन्याच्या शेवटी कारखान्यात कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी आली. दरवर्षीचंच, दहा मिनिटांचं काम. नर्सने त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावरची पट्टी खाली आणली, आकडा वाचला आणि जुन्या कार्डाकडे पाहिलं.

"मागच्या वर्षी एकशे सत्तर होतात, साहेब. आता एकशे अडुसष्ट पॉइंट तीन."

तो म्हणाला, पुन्हा बघा. तिने पुन्हा पाहिलं. मग हसून म्हणाली की वयाने होतं, मणके दबतात, त्याचं काही मनावर घेऊ नका. तिने आकडा लिहिला आणि नाडी बघायला त्याचं मनगट धरलं. धरलं आणि गार लागलं म्हणून सोडलं. आपले दोन्ही हात एकमेकांवर चोळून तिने पुन्हा धरलं.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"एकदम," तपासनीस म्हणाला.

तिने त्याला थर्मामीटर लावला. घड्याळात बघत थांबली, काढला, खिडकीकडे नेऊन वाचला. मग तो झटकून बाजूला ठेवला आणि दुसरा आणायला आत गेली.